काटेवाल्याचं पोवळं

माझ्या मावशीचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक ताजवा असो, नाहीतर गोदामातला, वर बैल उभा केला तरी हूं की चूं न करणारा लोखंडी काटा असो, आजारी पडला की तो काकांकडे येतो. ज्याला येववत नाही त्याच्याकडे काका स्वतः जातात, डॉक्टरसारखी बॅग घेऊन. बॅगेत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, ती उचलायचा चिमटा, एक बारीक कुंचला आणि शिशाच्या गोळ्या. वजनाला ते बोट लावत नाहीत. बोटाचा घाम लागला की वजन वाढतं म्हणे. स्वतःच्या वजनाबद्दल मात्र त्यांचं काहीच म्हणणं नाही. आजवर इतक्या काट्यांवर त्यांनी उपचार केले, पण एकावरही ते स्वतः उभे राहिल्याचं मावशीने पाहिलेलं नाही.

त्यांचं दुकान एका जिन्याखाली आहे. आत उभं राहायचं तर मान उजवीकडे कलती ठेवावी लागते. वर्षानुवर्षं तशी ठेवून आता ती बाहेरही कलतीच राहते, त्यामुळे काका समोरून येताना दिसले की माणसाला वाटतं, यांना आपलं काहीतरी पटलेलं नाही. भाजीवाल्यांना तर हमखास वाटतं. काका नुसते गाडीपाशी थांबले तरी भाजीवाला घाईघाईने दोन टोमॅटो जास्तीचे टाकतो आणि म्हणतो, "घ्या हो काका, आणि निघा." मावशी कौतुकाने सांगते, यांना बाजारात फार मान आहे. आहे ना. कलती आहे, एवढंच.

काकांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. काटा तपासून झाला की ते त्याला टिचकी मारतात, तो थरथरतो, मग म्हणतात, "थरथरला म्हणजे जिवंत आहे. काटा अजिबात हलला नाही, दर वेळी एकाच जागी थांबला, तर समजावं की अडकलाय." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे ते त्यांच्याच गळ्यात येणार आहे.

नोकरी त्या गावात लागली म्हणून मी मावशीकडे राहायला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात त्या घराची रीत माझ्या ध्यानात आली. त्या घरात कुणी कुणावर अविश्वास दाखवत नाही, फक्त दुसऱ्याने काम केलं असेल यावर कुणाचा विश्वास नाही. बाहेर पडताना काका दाराला कुलूप लावतात आणि ओढून बघतात. मग मावशी ओढून बघते. मग आक्का. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आयुष्यभर मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या आणि वॉर्ड बंद पडायला नको म्हणून भावाकडे राहायला आल्या. त्या कुलूप असं ओढतात की दाराच्या बिजागऱ्या दयेची भीक मागतात. त्या घराचं कुलूप आजवर दोनदा तुटलंय आणि दोन्ही वेळा चोराचा काही संबंध नव्हता.

चहाचंही तेच. मावशी साखर घालते. आक्का येता येता घालतात, "हिच्या लक्षात राहत नाही." काका कपात घालतात, "दोघी बोलण्याच्या नादात विसरल्या असतील." मी तो चहा पितो. नोकरीच्या गावी फुकट राहणाऱ्याने पाकाला नावं ठेवू नयेत.

अशा या घरात चिंगीने समुद्र आणून ठेवला.

चिंगी म्हणजे काकांची एकुलती एक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते बाहेर काढायचं कारण पडत नाही. ती समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करते, आणि आमच्या खानदानात समुद्र कुणी धड पाहिलेलाही नाही. तिने बाहेरच्या खोलीत, जुन्या मोठ्या काट्याच्या लोखंडी घोडीवर, हातभर लांबीची काचेची टाकी मांडली. त्यात खारं पाणी, खडक, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक गोगलगाय आणि बरोबर मध्यभागी एक जांभळं प्रवाळ. आणलं तेव्हा ते नखाएवढं होतं. ते वाढून बोटंबोटं फुटलेल्या हाताएवढं झालं.

माशांमधला मोठा तो मादी आणि छोटा तो नर, असं चिंगीने सांगितल्यापासून काका त्या छोट्या माशाकडे आपुलकीने बघत. मोठी पुढे, छोटा मागे. "तुझंही असंच का रे," ते काचेला नाक लावून विचारत. आतून मावशी म्हणे, "ऐकू येतंय मला."

प्रवाळ नेमकं काय आहे यावर मात्र घरात एकमत नव्हतं. मावशी त्याला झाड म्हणे, कारण फांद्या आहेत. आक्का पोवळं म्हणत, कारण अंगठीत बघितलंय. चिंगी म्हणे, तो प्राणी आहे, लाखभर छोट्या प्राण्यांची वसाहत आहे. काकांनी मधला मार्ग काढून त्याचं नाव 'जनावर' ठेवलं.

तर या जनावराला हाडं बांधायची असतात, आणि ती ते पाण्यातल्या कॅल्शियममधून बांधतं. समुद्र मोठा, तिथे कॅल्शियम संपत नाही. हातभर टाकीत संपतं. म्हणून दोन बाटल्या. निळ्या झाकणाच्या बाटलीत कॅल्शियम, ते सकाळी. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत खायच्या सोड्याच्या जातीचा एक क्षार, तो संध्याकाळी. दोन्ही लागतात, पण दोन्ही एकदम घालायचे नाहीत. एकदम घातले तर ते पाण्यातच एकमेकांना मिठी मारतात, त्यांची खडूची भुकटी होते आणि जनावर उपाशी राहतं. आमच्या शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग झाला होता, त्यातलीच ही गोष्ट. प्रयोग गुरुजींनी एकट्यानेच केला होता, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्यामुळे विज्ञानात मी इथवरच.

चिंगीला पुढच्या शिक्षणासाठी दूर किनाऱ्यावरच्या संस्थेत जागा मिळाली, तेव्हा प्रश्न आला की टाकीचं काय. ती म्हणाली, "मैत्रिणीकडे ठेवते. तिच्याकडे मशीन आहे. वेळेवर, मोजून, आपोआप घालतं."

काकांची मान आणखी कलली. "म्हणजे? साऱ्या गावाचे काटे मी सांभाळतो. तुझं एवढंसं जनावर मला सांभाळता येणार नाही?"

"बाबा, तुम्हाला येईल. या घराला येणार नाही."

"मी शब्द देतो."

"ठीक. पण त्याला काही झालं तर आल्या आल्या टाकी मैत्रिणीकडे जाईल. मग रुसायचं नाही."

आता यात काकांचं काय अडकलं होतं ते सांगतो, कारण त्यांनी स्वतः ते कधी सांगितलं नसतं. टाकी यायच्या आधी चिंगी कॉलेजच्या सहलीला वगैरे गेली की बापलेकीचं फोनवर बोलणं मी ऐकलेलं आहे. "जेवलीस का?" "हो." "बरं आहे ना?" "हो." "आईला देतो." संपलं. त्या माणसाला मुलीशी बोलायला विषयच नव्हता. काट्यांबद्दल किती बोलणार, आणि चिंगीच्या अभ्यासातलं त्यांना काय कळणार. ती किनाऱ्यावर गेली आणि मधे हे जनावर उभं राहिलं. दर रविवारी फोन यायचा. "बाबा, कॅल्शियम किती आलं?" "चारशे दहा." "मागच्या वेळेपेक्षा कमी का?" "जनावराने चांगलं खाल्लंय. टोकं बघ, पांढरी फुटलीत." "खरंच?" आणि मग अर्धा अर्धा तास. टोकं, पाणी, मासे, मग तिची मेस, तिचे सर, समुद्रात बुडी मारताना कानात कसं दुखतं. आईला द्यायचं राहूनच जायचं. मावशी हात पुढे करून उभी, आणि काका खुणेने सांगतायत, थांब, कॅल्शियमचं चाललंय.

टाकी गेली असती तर ते पुन्हा "जेवलीस का"वर आले असते.

कॅल्शियम मोजणं हा रविवारचा सोहळा होता. चमचाभर पाणी छोट्या कुपीत घ्यायचं, त्यात दोन औषधं टाकली की ते गुलाबी होतं. मग सिरिंजमधून तिसरं औषध थेंब थेंब सोडायचं. ज्या थेंबाला गुलाबी जाऊन निळा येतो, तिथे थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा बघायचा. काका पंखा बंद करत. वाऱ्याने थेंब कलतो. आम्ही तिघं श्वास रोखून भोवती.

"झाला निळा," मावशी म्हणे.

"कुठे? जांभळा आहे अजून," आक्का.

"जांभळा नव्हे, त्याला वांगी म्हणतात. निळ्याच्या आधी वांगी येतोच."

"गप्प बसा गं दोघी!" असं काका म्हणत आणि हात हलून दोन थेंब जास्तीचे पडत. पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीचे दोन महिने छान गेले. चारशे दहा, चारशे तीस, चारशे पंधरा. आणि मग आकडा घसरायला लागला. चारशेच्या खाली गेला. काकांनी जनावराकडे संशयाने बघितलं, एवढी भूक? त्यांनी निळ्या बाटलीचा डोस थोडा वाढवला. पुढच्या रविवारी आकडा आणखी खाली.

काटेवाल्याचा पहिला संशय मापावर. त्यांनी ती सिरिंज दुकानात नेली आणि सोनाराच्या ताजव्यात एकेक थेंब सोडून तिचं वजन केलं. सोनार दारात उभा, त्याला त्याचा ताजवा हवा होता. "काका, काय तोलताय?" "पाणी." सोनार परत गेला. सिरिंज निर्दोष निघाली.

मग संशय गोगलगायीवर. तिच्या पाठीवरचं शंखाचं घरही कॅल्शियमचंच. "गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही," काका म्हणाले. "दिसायला गरीब. आतल्या आत सगळं हीच हडप करतेय." गोगलगायीला वेगळ्या बरणीत नजरकैदेत ठेवलं. तरी आकडा खाली. आठवड्याने तिची सन्मानाने सुटका झाली. काकांनी स्वतः तिला टाकीत सोडलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मनात ठेवू नकोस."

तोवर टाकीची कळा गेली होती. काचेवर पांढरी बारीक भुकटी, पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या आवाजात घरघर, पाणी तापवायच्या दांडीवर पांढरा थर. मधूनच दुपारी पाणी दुधाळ दिसायचं, संध्याकाळपर्यंत निवळायचं. जनावराची जांभळी बोटं आखडून गेली. एका बोटाचं टोक खडूसारखं पांढरंफटक पडलं, आणि ते काही वाढीचं पांढरं नव्हतं.

त्या रविवारी चिंगीचा फोन आला. "बाबा, किती आलं?"

कुपी समोर होती. तीनशे सत्तर. काकांनी जनावराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चारशे वीस."

आमच्याकडे लबाडीला चारसोबीस म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना या माणसाच्या तोंडून नेमका तोच आकडा निघाला. आक्कांनी कपाळाला हात लावला. मावशी हळूच म्हणाली, "अहो, निदान दहाने चुकवायचा." पण एकदा सुरू झालं ते झालं. पुढच्या रविवारी चारशे वीस. त्याच्या पुढच्या रविवारी चारशे वीस. फोनही आखडत चालले, कारण खोट्या आकड्याबद्दल बोलणार तरी किती? "टोकं?" "छान." "मासे?" "छान." "जेवलात?" "हो."

शेवटी एका रविवारी चिंगी म्हणाली, "बाबा, एक विचारू? चार रविवार झाले. एकदाही चारशे पंधरा नाही, एकदाही पंचवीस नाही. काटा थरथरला तर जिवंत, हलला नाही तर अडकलाय, असं कोण म्हणतं आपल्याकडे?"

काका म्हणाले, "आवाज तुटतोय गं," आणि फोन ठेवून दिला. आवाज कुठेही तुटत नव्हता. थोड्या वेळाने मावशीच्या फोनवर निरोप आला: येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी येते. मैत्रिणीला बादल्या घेऊन तयार राहायला सांगितलंय.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ज्यांनी काकांना पाहिलंय ते दचकतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभे होते. दोघी आत असल्याची खात्री करून त्यांनी बॅगेतून छोटा काटा काढला, दोन्ही बाटल्या त्यावर ठेवून तोलल्या, सकाळचा डोस घातला, निळी पुन्हा तोलली आणि जिथल्या तिथे ठेवली. मला डोळ्याने म्हणाले, गप्प. संध्याकाळी आल्या आल्या, चपला न काढता, पुन्हा तोलल्या. मग त्यांनी दोन्ही बाटल्या उचलून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवल्या, जिथे रोज भाजीचं भांडं असतं.

"बसा," काका म्हणाले. "माझ्या हातून जेवढं गेलं, त्याच्या कितीतरी पट बाटल्यांतून गेलंय. कोण?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. हे बरं असतं. घरात पाहुणा असला की चौकशी सोपी होते.

"मी?" मी म्हणालो. "मावशी, मी स्वतःच्या चहात साखर घालत नाही!"

"ते खरं आहे," मावशी म्हणाली. "तो काही करत नाही." माझ्या आळसाने मला असं निर्दोष सोडवलं.

 मग मावशी बाटलीकडे न बघता म्हणाली, "आता एक टोपणभर म्हणजे काही घालणं झालं का?"

"तू?"

"सकाळी तुमची गडबड असते. कुलूप, किल्ल्या, चष्मा. म्हटलं राहिलं असेल बिचाऱ्या झाडाचं. तुम्ही गेल्यावर निळं तेवढं घालते. एक टोपण."

"रोज?"

"रोज राहिलं असेल तर रोजच घालणार ना!"

"आणि पांढरी? पांढरी तर निम्मी झालीय."

आक्का ताठ बसल्या. वॉर्डात मोठे डॉक्टर आल्यावर बसत असतील तशा. "पांढरी मी देते. दुपारी. आणि निळीही देते. डोस चुकलेला पेशंट मला लांबून कळतो, बाबू. तुझ्या पोवळ्याचा चेहरा उतरला होता."

"आक्का, त्याला चेहरा नाही!"

"म्हणूनच जास्त लक्ष द्यावं लागतं."

"दोन्ही दुपारी देतेस? एकदम?"

"मग काय? पेशंटला दोनदा कशाला उठवायचं?"

काकांनी डोळे मिटले. मला मात्र गुरुजींची फुंकर आठवली आणि दुपारचं ते दुधाळ पाणी. रोज दुपारी आक्का आमच्या टाकीत अख्खा प्रयोग करत होत्या. दोन्ही औषधं एकमेकांना मिठी मारत होती, खडू होऊन काचेवर आणि पंपात बसत होती, आणि जाताना पाण्यात होतं नव्हतं ते कॅल्शियमही बरोबर नेत होती. म्हणजे जेवढं जास्त घालावं तेवढं कमी होत होतं. आकडा कमी दिसला की काका डोस वाढवत होते. पोवळ्याचा चेहरा पडला की आक्का आणि झाड सुकलं की मावशी. सात सुगरणी आणि भाजी अळणी. इथे तीनच होते, पण तिघांत मिळून सातांचा उत्साह होता.

काकांनी बोटांवर हिशेब केला. मावशीचं टोपण, आक्कांचा डोस, स्वतःचा डोस. मान सरळ झाली. ती सरळ झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "तरी जमत नाही," ते म्हणाले. "निळीतून अजून एक डोस जास्त गेलाय. खरं बोला."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग आक्का सावकाश म्हणाल्या, "बाबू, दुपारी तू जेवायला येतोस."

"येतो. मग?"

"हात धुवायच्या आधी टाकीपाशी जातोस."

"बघायला जातो."

"हातात बाटली घेऊन बघतोस का रे?"

काकांची मान परत जागेवर आली. उजवीकडे. "ते... ते सकाळचं..." त्यांनी घसा साफ केला. "सकाळचं घातलं की नाही, ते मला नक्की आठवत नाही कधीकधी. म्हणून."

आधी मावशी हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. मग आक्का. काका हसले नाहीत. ते उठले, पंखा बंद केला, कुपी घेतली आणि पाणी मोजलं. रंगावरून या वेळी कुणी वाद घातला नाही. मग त्यांनी रविवार नसताना चिंगीला फोन लावला.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले. हॅलोसुद्धा नाही.

पलीकडून प्रश्न यायच्या आत त्यांनीच पुढचं सांगून टाकलं.

"आणि एक बोट गेलंय. बाकीची आखडलीत. खोटं बोललो मी. आणि घरातल्या सगळ्यांनी घातलंय. मी दोनदा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपण, पेशंट, दोनदा उठवणं, गोगलगायीची कैद. पलीकडून एक विचित्र आवाज यायला लागला. काकांनी घाबरून फोन माझ्या कानाला लावला. "रडतेय का रे?" मी ऐकलं. तोंडात उशी कोंबून हसणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. सांगितलं, तर काकांना पटेना.

हसून झाल्यावर ती एकदम कडक झाली. "ऐका. आता कुणीही काहीही घालायचं नाही. दोन्ही बंद. पंप काढून व्हिनेगरमध्ये बुडवा, पांढरं सगळं सुटेल. मी ठेवलेलं मीठ आहे, त्याचं नवं खारं पाणी करा आणि रोज थोडं थोडं जुनं काढून ते घाला. त्यातूनच कॅल्शियम येईल. पाणी फक्त बाबा बदलतील. बाकीच्यांनी काहीच करायचं नाही. कळलं? काहीच नाही. आणि बादल्या येतायत, ते ठरलंय."

काहीच करायचं नाही! त्या घराला डोंगर फोडायला सांगितला असता तर बरं झालं असतं. मावशी दिवसभर टाकीसमोरून येरझाऱ्या घालायची आणि झाडाला म्हणायची, "मी काही करू शकत नाही रे बाबा, मला सक्त मनाई आहे." आक्का स्टूल घेऊन पेशंटपाशी बसत, हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून. काकांनी बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, तर तिघांनी ते एवढं ओढून बघितलं की कपाटच पुढे आलं. मग त्यांनी दुसरी युक्ती केली. एक जुना ताजवा बाहेरच्या खोलीत टांगला. एका पारड्यात दोन्ही बाटल्या, दुसऱ्यात तेवढ्याच भाराची पितळी वजनं आणि शिशाच्या गोळ्या. कुणी टोपणभर जरी काढलं तरी काटा सांगणार. दुकानातून परत आले की आधी काट्याकडे बघायचे, मग बायकोकडे.

काटा मधोमध राहिला. आकडा हळूहळू वर आला. तीनशे साठ. तीनशे पंचाहत्तर. काका रोज चिंगीला फोन करून सांगत होते, खरा आकडा, वर-खाली होणारा. एक दिवस पाच कमी आला तरी तोही सांगितला, जवळजवळ अभिमानाने. फोन पुन्हा लांबायला लागले. पण बादल्यांचं काय, हे ना त्यांनी विचारलं, ना तिने सांगितलं.

शनिवारी चिंगी आली. पाठीवरची पिशवी न उतरवता टाकीसमोर वाकली. मेलेलं बोट तसंच होतं, पांढरं. पण त्याच्या बुडाशी, जिवंत भागाच्या कडेला, जांभळ्या रंगाची बारीक किनार त्या पांढऱ्यावर चढायला लागली होती. बाकीची बोटं उघडली होती. तिने स्वतः पाणी घेतलं, स्वतः थेंब सोडले. काका भिंतीला टेकून उभे. पंखा बंद. वांगी आला, निळा आला. मावशी आणि आक्का यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, इतके की मला त्यांची काळजी वाटली.

"तीनशे पंचाण्णव," चिंगी म्हणाली.

"मला चारशे आलं होतं सकाळी," काका म्हणाले. मग म्हणाले, "तू म्हणतेस तेच खरं. शब्द मी मोडला. तू टाकी घेऊन जा. रुसणार नाही मी. बादल्या उचलायला येतो हवं तर."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण. खाली येऊन थांबली होती.

चिंगीने टाकीकडे बघितलं, ताजव्याकडे बघितलं, मान कलती करून उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं. फोनवर म्हणाली, "अगं, नको. बादल्या आणू नकोस वर. तूच ये, चहा घे."

"का गं?" काकांनी विचारलं. आवाज त्यांनी अगदी साधा ठेवला होता, म्हणजे त्यांना वाटलं तसं.

"तिच्या मशीनवर दर वेळी चारशे वीसच येतं, बाबा," चिंगी म्हणाली. "दर वेळी. एक वाक्य बोलून होतं, मग पुढे काय बोलायचं?"

काका आत गेले. चष्मा पुसायला गेलो होतो, असं नंतर म्हणाले. चष्मा टेबलावर होता.

मैत्रीण चहा प्यायली आणि पहिल्या घोटाला तिने सगळ्यांकडे पाळीपाळीने बघितलं. मी तिला डोळ्याने सांगितलं, पिऊन टाक.

चिंगीची सुट्टी संपली तेव्हा तिने डोस पुन्हा सुरू करून दिला. निळं सकाळी, पांढरं संध्याकाळी, घालणार फक्त बाबा. बाटली ताजव्यातून उचलायची, डोस घालायचा, परत ठेवायची, आणि पारडं हललेलं दिसलं की समजायचं आजचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तेवढं वजन कमी करून काटा पुन्हा मधे आणायचा. या घराला एवढा पुरावा पुरेल असं तिला वाटलं. तिला वाटलं.

तिला गाडीवर सोडायला आम्ही सगळेच निघालो. काकांनी दाराला कुलूप लावलं आणि ओढलं. मावशीने ओढलं. आक्कांनी ओढलं. चिंगी पिशवी घेऊन जिना उतरायला लागली होती. चार पायऱ्या उतरली, थांबली, परत वर आली आणि तिनेही ओढून बघितलं. रक्त कुठे जाणार.

मग ती जिन्याकडे वळता वळता म्हणाली, "बाबा, आज निळं घातलं ना?"

"घातलं!" काका, मावशी आणि आक्का एका सुरात म्हणाले.

 तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कोणी?" चिंगीने विचारलं.

काकांनी खिशातून किल्ली काढली. "थांबा," ते म्हणाले, "पारडं बघून येतो."